मायामी ९०, ड्यूक ६३ : सत्तावीसातले खरे किती?

पाचवा_फाऊल

एकतर्फी सामना झाला की दुसऱ्या दिवशी दोन सूर ठरलेले. जिंकणारे म्हणतात "धुतलं", हरणारे म्हणतात "आपला दिवसच नव्हता". मला दोन्ही पटत नाहीत, म्हणून अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलचा एक जुना सामना टेबलावर ठेवतो.

२३ जानेवारी २०१३, कोरल गेबल्स, मायामी विद्यापीठाचं घरचं मैदान. समोर देशातला पहिल्या क्रमांकाचा ड्यूक, १६ जिंकलेले, १ हरलेला. मायामी पंचविसावी. सुरुवातीला ड्यूक १४-१३ ने पुढे होता. तिथून पुढच्या आठेक मिनिटांत मायामी २५, ड्यूक १. ड्यूकने एका टप्प्यात २३ पैकी २२ शॉट चुकवले. मध्यंतराला ४२-१९, शेवटी ९०-६३. ड्यूकचं एकूण शूटिंग ३० टक्क्यांच्याही खाली. तीन गुणांच्या रेषेबाहेरून २३ पैकी ४. सेथ करी १० पैकी शून्य, क्विन कुक १२ पैकी १. मायामीकडून ड्युरँड स्कॉट २५, केनी कॅजी २२, शेन लार्किन १८.

माझं म्हणणं सरळ आहे: हा नशिबाचा सामना नव्हता. मायामीचा संघ वयाने मोठा होता. ज्युलियन गॅम्बल तर कॉलेजच्या सहाव्या वर्षाला. कोच जिम लारान्यागांनी दोन वर्षांत त्यांचा डिफेन्स घट्ट विणला होता. आणि सतराच दिवसांनी, ९ फेब्रुवारीला, त्याच मैदानावर नॉर्थ कॅरोलायनाला ८७-६१. ड्यूकला २७ ने आणि कॅरोलायनाला २६ ने, एकाच महिन्यात! माझ्या मते सत्तावीसच्या सत्तावीस गुण खरे. पटत नसेल तर खोडा.

---

आकडेमोड्या

खोडतो. 😀

बाहेरून २३ पैकी ४. त्या ड्यूक संघाचं शूटिंग चांगलं होतं, म्हणून ४० टक्के धरू. मग २३ शॉटमध्ये सरासरी ९ पडायला हवेत. चार किंवा त्याहून कमी पडण्याची शक्यता २ टक्क्यांच्या जरा आत, म्हणजे पन्नासात एखाद्या वेळी. मायामीचा डिफेन्स भारी होता म्हणून ३५ टक्के धरलं तरी अठरात एक.

आता गुणांत मोजा. सवापाच थ्री (तीन गुणांचे शॉट) कमी पडले, म्हणजे १५-१६ गुण. पण चुकलेला प्रत्येक शॉट पूर्ण वाया जात नाही, तीनातला एक चुकलेला चेंडू साधारणपणे मारणाऱ्या संघाच्याच हाती परत येतो. ते वजा करून १४. सत्तावीसातले चौदा गेले हवेत.

---

पाचवा_फाऊल

@आकडेमोड्या, ते शॉट मोकळे होते असं तुम्ही गृहीत धरताय. हात तोंडावर असताना मारलेला थ्री आणि मोकळा थ्री यांना एकाच तराजूत कसं घालता?

---

आकडेमोड्या

रास्त शंका. पण कॉलेज बास्केटबॉलचे आकडेतज्ज्ञ केन पॉमरॉय बऱ्याच वर्षांपासून हेच सांगत आलेत: समोरचा संघ थ्री किती टक्के पाडतो यावर डिफेन्सचा ताबा फार कमी असतो, तो किती थ्री मारतो यावर बराच जास्त. खरा चांगला बाहेरचा डिफेन्स समोरच्याला रेषेवरून हुसकावतो, ड्रिबल करत आत यायला लावतो. ड्यूकने २३ मारले. म्हणजे मायामीने त्यांना रेषेवरून हटवलं नव्हतं, मारू दिलं होतं. पडले नाहीत.

---

भाजी_भाकरी_रिबाउंड

दोघे भांडा, मी शेंगदाणे घेऊन बसतो.

---

तिरपा_स्क्रीन

दोघांनीही सगळ्यात मोठी गोष्ट सोडली. ड्यूकचा रायन केली खेळत नव्हता.

पावलाला दुखापत होऊन जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून तो बाहेर होता. सहा फूट अकरा इंचांचा फॉरवर्ड आणि बाहेरून बिनधास्त मारणारा. असा माणूस नसला की काय होतं ते एका पझेशनपुरतं (चेंडू हाती आल्यापासून जाईपर्यंत) बघा.

ड्यूकचा सेंटर मेसन प्लमली बास्केटजवळ डावीकडे पाठ करून उभा, चेंडू त्याच्याकडे येतो. केली असता तर तो उजव्या बाजूला रेषेच्या बाहेर असता आणि त्याला राखणारा उंच माणूस त्याच्यापासून फार तर दोन पावलांवर. त्याला प्लमलीवर मदतीला यायचं तर पाच-सहा मीटर पळावं लागलं असतं, आणि तेवढ्यात चेंडू केलीकडे परत, वर थ्री. केलीऐवजी बाहेरून न मारणारा उभा असेल तर तोच राखणारा लेनमध्ये, म्हणजे बास्केटसमोरच्या पट्ट्यात, एक पाय ठेवून आरामात उभा राहतो. प्लमली वळला की तिथे दुसरी भिंत. प्लमली बाहेर पास देतो, करी किंवा कुककडे. पण त्यांना राखणारे हललेलेच नसतात, कारण मदत दुसरीकडून आली. मग शॉटचं घड्याळ संपत आलेलं, आणि घाईचा थ्री.

म्हणजे @आकडेमोड्या यांचे "२३ मारू दिले" हे अर्धंच खरं. २३ मारले, पण त्यातले बरेच असे की केली असता तर मारायची वेळच आली नसती.

आणि दुसरी बाजू. मायामीकडे कॅजी होता, तोही सहा फूट अकरा, तोही बाहेरून मारणारा. ड्यूककडे जे नव्हतं नेमकं तेच मायामीकडे होतं. लार्किन वर स्क्रीन घेऊन (सोबत्याने अंगाने राखणाऱ्याची वाट अडवायची) आत घुसायचा. स्क्रीन लावणाऱ्या कॅजीला राखणारा लार्किनला अडवायला बाहेर पडला की कॅजी आत न जाता मागे सरकून रेषेवर मोकळा. त्या मोठ्या माणसाला तीन पावलं पुढे जाऊन चार पावलं मागे यायचं असतं, वर शॉटवर हात न्यायचा असतो. सात फुटी शरीराला ते जमत नाही. २२ गुण काही उगाच आले नाहीत.

---

लार्किनचा_लाडका

शेन लार्किन म्हणजे बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममधल्या बॅरी लार्किनचा मुलगा. बापाने बॅट धरली, पोराने चेंडू आपटला. एवढंच सांगायचं होतं. 🙏

---

पाचवा_फाऊल

केलीचा मुद्दा मान्य. मुद्दाम टाळला नव्हता, विसरलो.

---

तिरपा_स्क्रीन

सोयीस्कर विसर. 😀 परतीचा सामनाही विसरलात मग. २ मार्च २०१३, ड्यूकच्या घरी, केली परत आला त्याच दिवशी. ड्यूक ७९, मायामी ७६. केलीचे ३६ गुण, बाहेरून ९ पैकी ७. दोन महिने बाकावर बसलेला माणूस!

---

आकडेमोड्या

९ पैकी ७ हेही नशीबच आहे हो. २३ पैकी ४ ला नशीब म्हणायचं आणि ९ पैकी ७ ला "केली परत आला" म्हणायचं, असं चालणार नाही.

---

तिरपा_स्क्रीन

आता कसं बोललात!

---

सातारी_सेंटर

२५-१ वर कुणी बोलतच नाही. खरं नवल तिथे आहे.

कबड्डीत लोण चढलं की दोन गुण जास्तीचे आणि बाद झालेल्या संघाचे सातही गडी परत मैदानात. म्हणजे लोण खाल्लेल्याला पुन्हा पूर्ण ताकद मिळते. खो-खोत एक डाव राखून विजय होतो, तिथे जिंकणाऱ्याला आपला दुसरा डाव खेळावाच लागत नाही. बास्केटबॉलचं वेगळंच: प्रत्येक बास्केटनंतर चेंडू आपोआप हरणाऱ्याच्या हातात. समोरच्याने २५ केले तर तुम्हालाही साधारण तितक्याच वेळा चेंडू मिळालेला असतो. चाळीस मिनिटांत पासष्टएक पझेशन धरले तर आठ मिनिटांत तेरा. ड्यूकला तेरा वेळा चेंडू मिळाला आणि गुण एक.

हे कसं होतं? चक्र असं: शॉट चुकला, मायामीने रिबाउंड (उडालेला चेंडू) घेऊन धूम ठोकली, ड्यूकचे पाच जण अजून मागे पळतायत, मायामीला उघडं बास्केट. आता बास्केट झालं, म्हणजे ड्यूक बेसलाइनवरून चेंडू आत घेणार. तोपर्यंत मायामीचे पाचही जण आपापल्या जागी बसलेले. ड्यूकला बसलेल्या डिफेन्सवर खेळावं लागतं, मायामीला न बसलेल्या. त्यात थ्रीचा रिबाउंड लांब उडतो, फ्री थ्रो लाइनपर्यंत. तिथे तो गार्डच्या हातात पडला की पास द्यायचीही गरज नाही, सरळ पळत सुटायचं.

तोडायचं कसं? फाऊल काढून फ्री थ्रोला जायचं. घड्याळ थांबतं, आणि एक तरी पडला की आपला डिफेन्स बसतो. दोन जणांनी ऑफेन्सिव्ह रिबाउंडला (आपल्याच चुकलेल्या शॉटच्या चेंडूला) जाऊच नये, शॉट हातातून सुटला की मागे फिरावं. आणि टाइमआउट.

---

नवखा_प्रेक्षक

मग कोचने टाइमआउट का घेतला नाही लगेच? घरी बसून आम्हालाही कळतं की.

---

सातारी_सेंटर

@नवखा_प्रेक्षक, कॉलेजमध्ये टीव्हीचे थांबे ठरलेले असतात: प्रत्येक हाफमध्ये १६, १२, ८ आणि ४ मिनिटं उरली की त्यानंतर खेळ पहिल्यांदा थांबेल तेव्हा. कोच घड्याळ बघतो, १२:४० उरलेत, म्हणजे चाळीस सेकंदांनी फुकटचा थांबा येणार, स्वतःचा कशाला खर्चू? पण थांबा येतो तो खेळ थांबल्यावर. फाऊल नाही, चेंडू बाहेर नाही, तर खेळ चालूच राहतो. तेवढ्यात दोन-तीन बास्केट. फुकटच्या थांब्याच्या लोभाने आठ गुण गेलेले सामने पैशाला पासरी आहेत. अमुक कोचने तमुक दिवशी हेच केलं असं म्हणत नाही, सापळा सांगतोय.

---

नागपाडाकर

भारतातल्या वाचकांसाठी नियमांचा फरक, नाहीतर गोंधळ होतो. आपल्याकडे फिबाचे, म्हणजे जागतिक संघटनेचे नियम: दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर, शॉट मारायला २४ सेकंदांचं घड्याळ, क्वार्टरमधल्या पाचव्या टीम फाऊलपासून दोन फ्री थ्रो. अमेरिकन कॉलेजच्या पुरुषांत वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ. घड्याळ २०१३ मध्ये ३५ सेकंदांचं होतं, २०१५-१६ पासून ३० चं. हाफमधल्या सातव्या फाऊलपासून वन-अँड-वन, म्हणजे पहिला पडला तरच दुसरा मिळतो. दहाव्यापासून सरळ दोन.

रेषाही वेगळी होती. तेव्हा २० फूट ९ इंच, म्हणजे ६.३२ मीटर. २०१९-२० पासून २२ फूट पावणेदोन इंच, जी फिबाची ६.७५ मीटर. मुंबईत नागपाड्याच्या मस्तान तलाव मैदानावर आखलेली तीच. म्हणजे ड्यूकने २३ पैकी ४ मारले ते आजच्यापेक्षा दीड फूट जवळून हो!

३५ सेकंदांचा एकतर्फी सामन्याशी थेट संबंध आहे. घड्याळ लांब असलं की पझेशन कमी, पझेशन कमी की फरक लहान राहतो. साठ-पासष्ट पझेशनमध्ये २७ चा फरक हा आजच्या वेगवान सामन्यातल्या २७ पेक्षा मोठा.

---

आकडेमोड्या

+१. म्हणून फरक नेहमी दर १०० पझेशनवर काढायचा. बॉक्स स्कोअरवरून पझेशन काढायचं गणित सोपं आहे:

फील्ड गोलचे प्रयत्न, वजा ऑफेन्सिव्ह रिबाउंड, अधिक गमावलेले चेंडू, अधिक फ्री थ्रोच्या प्रयत्नांचे ०.४७५ पट.

समजा ६० प्रयत्न, १० ऑफेन्सिव्ह रिबाउंड, १२ गमावलेले, २० फ्री थ्रो. ६० - १० + १२ + ९.५ = ७१.५. दोन्ही संघांचं वेगवेगळं काढून सरासरी घ्या. तीनपेक्षा जास्त फरक आला तर कुठेतरी आकडा चुकीचा टिपलाय, कारण चेंडू आळीपाळीनेच मिळतो. ०.४७५ का? कारण सगळे फ्री थ्रो जोडीने येत नाहीत. बास्केटसकट फाऊल झाला तर एकच मिळतो, वन-अँड-वनमध्ये पहिला चुकला की दुसरा नाही. एनबीएसाठी हाच गुणक ०.४४ घेतात, तो इथे लावू नका.

मग आकडेतज्ज्ञ डीन ऑलिव्हरचे चार घटक: शूटिंग, चेंडू गमावणं, ऑफेन्सिव्ह रिबाउंड, फ्री थ्रो. त्याने वजनं दिली ती साधारण ४०, २५, २० आणि १५ टक्के. एकतर्फी विजय फक्त पहिल्या घटकात दिसत असेल तर साशंक राहायचं, कारण शूटिंग सगळ्यात चंचल. रिबाउंड आणि गमावलेले चेंडू या दोन्हींतही वरचढ असाल तर मी टोपी काढतो.

---

भाजी_भाकरी_रिबाउंड

शेंगदाणे संपले. कॅल्क्युलेटर आणतो.

---

बाकावरचा_बारावा

शेवटची पाच मिनिटं मोजूच नका. तिथे वेगळाच खेळ चालतो.

२५ ची आघाडी झाली की मुख्य पाच एकेक करून बाहेर. सगळे एकदम काढत नाहीत, कारण आत येणाऱ्यांबरोबर एक तरी चेंडू सांभाळणारा लागतो, नाहीतर साधा प्रेसही (समोरच्याने पुढे येऊन दाबून राखणं) फुटत नाही. शेवटच्या दोन मिनिटांत वॉक-ऑन येतात. वॉक-ऑन म्हणजे शिष्यवृत्ती नसलेला, स्वतःची फी भरून रोज सरावाला येणारा. पुरुषांच्या संघात तेव्हा शिष्यवृत्त्या १३ च. त्यांनी बास्केट टाकलं की विद्यार्थ्यांचा गोंगाट स्टारच्या डंकपेक्षा मोठा.

न लिहिलेले नियम पण आहेत. वीसच्या पुढे असताना फुल कोर्ट प्रेस नाही. शेवटचं पझेशन असेल आणि शॉट क्लॉक सामन्याच्या घड्याळाच्या आधी संपत असेल, तर चेंडू हातात धरून शॉट क्लॉक संपू द्यायचं, शॉट मारायचा नाही. वॉक-ऑन पोराला हा मोह आवरत नाही, तो मारतो, आणि मग हस्तांदोलनाच्या रांगेत दोन कोच एकमेकांकडे बघत नाहीत.

तेव्हा फरक बघायचा तर बदली खेळाडू आत आले त्या क्षणाचा. इथे मध्यंतरालाच २३ होता. दुसऱ्या हाफमध्ये मायामी ४८, ड्यूक ४४. म्हणजे उरलेली वीस मिनिटं जवळजवळ बरोबरीची! सामना पहिल्या हाफमध्ये झाला, तोही अर्ध्या हाफमध्ये.

---

नवखा_प्रेक्षक

मध्यंतराला २३ म्हणजे संपलाच ना सामना? की परत येता येतं?

---

आकडेमोड्या

बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ बिल जेम्स यांचं एक गमतीशीर सूत्र आहे. आघाडीतून ३ वजा करा. पुढे असलेल्या संघाकडे चेंडू असेल तर अर्धा मिळवा, नसेल तर अर्धा वजा. आलेल्या आकड्याचा वर्ग करा. तो उरलेल्या सेकंदांपेक्षा मोठा असेल तर आघाडी पूर्ण सुरक्षित.

२३ - ३ = २०, अर्धा इकडे-तिकडे. वर्ग ३८० ते ४२०. मध्यंतराला उरतात १२०० सेकंद. म्हणजे सूत्राच्या हिशोबाने सामना संपलेला नव्हता. २३ ची आघाडी संपूर्ण सुरक्षित होते ती शेवटच्या साडेसहा-सात मिनिटांत. अर्थात "पूर्ण सुरक्षित नाही" म्हणजे "धोक्यात" नव्हे. असे सामने शंभरात एखादा फिरत असेल-नसेल. सूत्र फक्त एवढंच सांगतं की टीव्ही कधी बंद करायला हरकत नाही.

---

गेबल्सची_गॅलरी

घरचं मैदान हा मुद्दा राहिला. त्या हॉलची क्षमता ७,९७२. ड्यूकचं कॅमेरून ९,३१४ चं, कॅन्ससचं ॲलन फील्डहाउस तेव्हा १६,३०० चं. लहान हॉल भरला की आवाज बाहेर जायला जागा नसते. एरवी मायामीत बास्केटबॉलला गर्दी जेमतेम, तिथे फुटबॉलचं राज्य. पण समोर ड्यूक, त्यात पहिला क्रमांक, मग खच्चून भरलं.

नेमका फायदा कुठे होतो ते बघा. एक, आवाजामुळे पाहुण्या संघाचा डिफेन्स आंधळा होतो. "स्क्रीन डावीकडून" हे मागून मोठा माणूस ओरडून सांगतो, गार्डच्या डोक्याला मागे डोळे नसतात. ओरडणं ऐकू आलं नाही की गार्ड सरळ भिंतीवर आदळतो. म्हणून पाहुणे संघ सरावात स्पीकर लावतात आणि पाठीवर थाप मारून इशारा द्यायची सवय लावतात. दोन, पंच. ते मुद्दाम करत नाहीत, पण अर्धवट स्पर्शावर आठ हजार लोक एकदम ओरडले की शिट्टी कुणाच्या बाजूने जाईल? तीन, फ्री थ्रोच्या वेळी पारदर्शक बोर्डामागचे विद्यार्थी. ॲरिझोना स्टेटने २०१३-१४ मध्ये पडदाच लावला, फ्री थ्रोच्या क्षणी उघडायचा आणि आत काहीतरी भन्नाट. एकदा आतून मायकेल फेल्प्स निघाला, पोहण्याच्या चड्डीत, गळ्यात पदकं.

पण हे सगळं मिळून सरासरी तीन-साडेतीन गुणांचं. २७ चं नाही.

---

पुणेरी_पॉइंटगार्ड

फेल्प्सला बघून शॉट चुकला तर तो मानसिक फाऊल धरावा. आमच्याकडे दुपारी १ ते ४ फ्री थ्रो बंद.

---

बाकावरचा_बारावा

@पुणेरी_पॉइंटगार्ड 😂😂

---

कोष्टक_काका

अवांतर, पण तितकंही नाही. या सत्तावीसाची सरकारदरबारी किंमत किती होती माहितीय का? ०.६.

त्या काळी एनसीएए (कॉलेज खेळांची संघटना) वर्षाअखेरच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी संघ निवडताना आरपीआय नावाचं कोष्टक वापरायचं. सूत्र: स्वतःची विजय-टक्केवारी २५ टक्के, प्रतिस्पर्ध्यांची ५० टक्के, प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांची २५ टक्के. किती गुणांनी जिंकलात याचा संबंधच नाही. आणि स्वतःच्या टक्केवारीत घरचा विजय ०.६ धरायचा, बाहेरचा १.४. म्हणजे पहिल्या क्रमांकाला घरी २७ ने हरवा नाहीतर एकाने, आकडा तोच, आणि तोही पूर्ण एक नाही.

२०१८-१९ पासून आरपीआय गेलं, नेट नावाचं नवं कोष्टक आलं. सुरुवातीला त्यात फरक १० गुणांपर्यंतच मोजायचे. २०२०-२१ पासून तो भाग काढून टाकला आणि दर पझेशनची कार्यक्षमता ठेवली. पण तिथे वरची मर्यादाच नाही. मग काय, कोच लोक ३० ने पुढे असतानाही मुख्य पाच जणांना आत ठेवतात अशी कुरकुर सुरू झाली. वरच्या @बाकावरचा_बारावा यांच्या न लिहिलेल्या नियमांची त्यामुळेच वाट लागतेय.

---

बाकावरचा_बारावा

काका, अगदी दुखऱ्या नसेवर बोट. वॉक-ऑनची दोन मिनिटं एका कोष्टकाने खाल्ली.

---

भाजी_भाकरी_रिबाउंड

विक्रमी धुलाई कुठली? कुणीतरी सांगा, जेवायला उशीर होतोय.

---

कोष्टक_काका

डिव्हिजन वनच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीच्या दोन संघांत: ७ डिसेंबर १९९५, टल्सा १४१, प्रेअरी व्ह्यू ५०. फरक ९१.

दोन्ही डिव्हिजन वनचे नसले तर याहून भयानक. डिसेंबर २०१३ मध्ये सदर्न विद्यापीठाने चॅम्पियन बॅप्टिस्ट या चिमुकल्या कॉलेजला ११६-१२ ने हरवलं. सुरुवातच ४४-० ने.

आणि उलटं उदाहरण: ५ जानेवारी १९९१, लोयोला मेरीमाउंटने घरी १८६ केले, हा एका संघाच्या गुणांचा विक्रम. पण समोरच्या यूएस इंटरनॅशनलचे १४०! त्यात एकट्या केव्हिन ब्रॅडशॉचे ७२. विक्रमी १८६ करूनही फरक ४६ चाच. @नागपाडाकर यांचा वेगाचा मुद्दा इथे बघा.

असले सामने का होतात, तर पैशासाठी. मोठं विद्यापीठ छोट्याला घरी बोलावून मानधन देतं, हल्ली लाखभर डॉलरच्या आसपास. छोट्या संघाचं वर्षभराचं प्रवासाचं बजेट अशा तीन-चार पराभवांवर निघतं. मार खायचा दर ठरलेला असतो, ॲडव्हान्ससकट.

---

भाजी_भाकरी_रिबाउंड

४४-०. जेवण गेलं.

---

जुना_जाणता

@पाचवा_फाऊल, तुमच्या सामन्याला एक थोरला भाऊ आहे.

२० जानेवारी १९६८, ॲस्ट्रोडोम, ५२,६९३ प्रेक्षक. ह्यूस्टन ७१, यूसीएलए ६९. एल्विन हेजचे ३९. यूसीएलएचा ल्यू अल्सिंडर (पुढे करीम अब्दुल-जब्बार) डोळ्याच्या बुबुळावर ओरखडा घेऊन खेळत होता, १८ पैकी ४ शॉट पडले. ह्यूस्टन पहिल्या क्रमांकावर गेलं. दोन महिन्यांनी एनसीएएच्या उपांत्य फेरीत तेच दोन संघ, अल्सिंडरचा डोळा बरा: यूसीएलए १०१, ह्यूस्टन ६९. हेजला फक्त १०.

कागदावर तटस्थ मैदान, पण सामना लॉस एंजेलिसच्या स्पोर्ट्स अरीनात. पॉली पॅव्हिलियन १९६५ मध्ये उघडण्याआधी यूसीएलए घरचे बरेच सामने तिथेच खेळायचं. तटस्थ म्हणे!

यूसीएलएचे कोच जॉन वूडननी डायमंड-अँड-वन डिफेन्स लावला होता. चार जण चौकटीसारखे झोनमध्ये, एक वर, दोन बाजूंना, एक बास्केटखाली. तो खालचा अल्सिंडर. पाचवा लिन शॅकलफर्ड, हेजला सावलीसारखा चिकटलेला. हेजकडे चेंडू जाऊच द्यायचा नाही, गेलाच तर मागे अल्सिंडर. या डावात धोका असा की उरलेले चौघे बाहेरून मारणारे निघाले तर चौकट फुटते. ह्यूस्टनचे त्या दिवशी निघाले नाहीत.

---

तिरपा_स्क्रीन

@जुना_जाणता, सुंदर. इकडे केली, तिकडे अल्सिंडर.

---

गेबल्सची_गॅलरी

शेवटची शिट्टी वाजल्यावर विद्यार्थी मैदानात घुसले ते कुणी लिहिलं नाही. २७ ने जिंकल्यावर घुसणं बरोबर की चूक यावर तेव्हाही वाद. २७ ने पुढे आहात, तर आश्चर्य कसलं?

---

सातारी_सेंटर

घुसू नये. २४ फेब्रुवारी २०२४ ला वेक फॉरेस्टने ड्यूकला ८३-७९ ने हरवलं तेव्हा घुसलेल्या गर्दीत ड्यूकच्या काइल फिलिपोव्स्कीला मार लागला. एसईसी या विद्यापीठांच्या गटाने तर २०२३ मध्ये पहिल्या वेळेलाच १ लाख डॉलर दंड ठेवला होता. व्यवहारी उपाय: घोषणा करायची, ६० सेकंद पाहुण्या संघाला बोगद्यातून आत जाऊ द्यायचं, मग दोरी सोडायची. दोरी धरणारे मात्र दहा पोरं असून चालत नाही.

---

आकडेमोड्या

मूळ प्रश्नाकडे. धागाकर्त्यांनी कॅरोलायनाचा ८७-६१ पुरावा म्हणून दिला. पण त्या वर्षी मायामी कॅरोलायनाशी तीनदा खेळली:

१० जानेवारी, कॅरोलायनाच्या घरी: मायामी ६८-५९. नऊने.
९ फेब्रुवारी, मायामीत: ८७-६१. सव्वीसने.
एसीसीच्या (ड्यूक, मायामी, कॅरोलायना ज्या गटात खेळतात त्याच्या) स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, तटस्थ: ८७-७७. दहाने.

नऊ आणि दहा. सव्वीस हा पाहुणा आकडा आहे, घरचा नाही. आता ड्यूक: घरी +२७, बाहेर -३. बेरीज २४, दोन सामने, सरासरी १२. एक घरी एक बाहेर, म्हणजे घरच्या मैदानाचा फायदा आपोआप कटला. कॅरोलायनाचे घरचे आणि बाहेरचे तसेच घेतले तर ३५ भागिले २, साडेसतरा, पण तटस्थवर दहाच.

---

पाचवा_फाऊल

बरं. हिशोब मांडतो, चुकलं तर सांगा. २७ मधून आकडेमोड्यांचे १४ गेले, उरले १३. घरच्या मैदानाचे साडेतीन, उरले साडेनऊ. त्यातून केलीचे?

---

तिरपा_स्क्रीन

केलीचे पाच-सहा धरा. पण १४ मध्ये त्याचा वाटा आधीच आलाय, दोनदा कापू नका. त्या २३ थ्रींतले काही त्याच्या नसण्यामुळेच वाईट होते.

---

पाचवा_फाऊल

मग तीन धरतो. म्हणजे मायामी खरी साडेसहाने वरचढ. सत्तावीसावरून साडेसहा! उघड्या डोळ्यांनी लुटलं तुम्ही मला. तरी मायामीने त्या वर्षी एसीसीची साखळी आणि स्पर्धा दोन्ही जिंकल्या, हे विसरू नका.

---

पुणेरी_पॉइंटगार्ड

आणि मग एनसीएएत मार्क्वेटकडून ६१-७१.

---

पाचवा_फाऊल

त्या सामन्यात मायामीचा सेंटर रेजी जॉन्सन नव्हता. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती.

---

तिरपा_स्क्रीन

अरेच्चा! आता एका माणसाचा फरक पडतो होय?

---

पाचवा_फाऊल

मार्क्वेटसाठी वेगळा धागा काढा. इथे फक्त विजय.